दोन बोटं पुढे आलेलं पेडल

परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि ती पुन्हा लावावीशी वाटली नाही. सौदीतल्या राबिघमध्ये राहणाऱ्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे होतं. मे महिन्यापासून बंद असलेली खिडकी उघडी ठेवता येते, समुद्राकडून येणारी हवा अंगाला चिकटत नाही, एसीची घरघर थांबते आणि घरात इतके आवाज आहेत हे नव्याने कळतं. नळाचा आवाज, शेजारच्या केरळी बाईंचा मिक्सर, खाली कुणीतरी वर ढकललेलं शटर. आमच्या दाभोळला हिवाळा धुक्यातून येतो, खाडीवरून. इथे तो असा, खिडकीतून येतो.

आमच्या घरात हिवाळ्याची आणखी एक खूण आहे. माझा नवरा इम्तियाज चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या टायरांवर हात फिरवतो. सहा महिन्यांच्या उन्हाने रबर कडक झालंय का ते नखाने बघतो. मग आत येऊन मला विचारतो, "हेल्मेट कुठे ठेवलंस गो?" आता ते हेल्मेट माझं आहे, तरी दर वर्षी पहिल्यांदा तोच विचारतो. आणि दर वर्षी मला तो एक हिवाळा आठवतो, ज्यात त्याचं असलेलं ते माझं झालं.

आम्ही शर्यतीच्या गाडीवाले आहोत, असं सांगितलं की लोकांना वाटतं पैसेवाले असतील. आमची गाडी म्हणजे अठरा वर्षं जुनी पांढरी सेडान. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचे, मास्तर कायमचे मायदेशी गेले तेव्हा जाता जाता ती सलीमभाईंच्या गॅरेजवर सोडून गेले. सलीमभाई माझे जेठ, इम्तियाजचे थोरले भाऊ. राबिघच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या आणि वर्कशॉपांच्या वस्तीत, पत्रा सरळ करण्याचं काम करायचे. इम्तियाज रिफायनरीत पंपांचा फिटर. दोघांचे वडील दाभोळच्या खाडीत मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, त्यामुळे दोघांनाही लहानपणापासून डिझेलचा वास म्हणजे घराचा वास.

जेद्दाच्या अलीकडे एक छोटा ट्रॅक आहे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी तिथे साध्या गाड्यांच्या शर्यती होतात. शोरूममधून निघते तीच गाडी, फक्त आतल्या सीटा, गालिचे, रेडिओ सगळं काढून टाकायचं आणि चालवणाऱ्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा. दोघे भाऊ एकदा नुसते बघायला म्हणून गेले आणि परतीच्या वाटेवर थुवालच्या पंपावर चहा पिताना ठरवून टाकलं. मी मागच्या सीटवर होते, पाच वर्षांची सना मांडीवर झोपलेली. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. त्याला आता पंधरा वर्षं होत आली.

गाडी कागदावर अबू नासर यांची. ते सलीमभाईंचे कफील, म्हणजे त्यांना इथे कामावर ठेवून घेणारे जामीनदार, आणि गॅरेजचे मालक. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "नाम मेरा, गाडी तुमारा, गिरेगा तो हड्डी भी तुमारा." एवढा हसून केलेला करार मी दुसरा पाहिलेला नाही.

इम्तियाज चालवायचा. सलीमभाई पत्रा आणि पिंजरा बघायचे. मी वेळ लिहायचे. हातात स्टॉपवॉच, गुडघ्यावर वही, प्रत्येक फेरीचा आकडा. चालवणाऱ्याच्या खिडकीला एक जाळी लागते, अपघातात हात बाहेर जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, जाळी मी विणते. माझा बाप जाळी विणणारा, आम्हा बहिणींची बोटं त्यातच वाढली. आठ दिवस बसून नायलॉनची सुरेख जाळी केली. तपासणीच्या माणसाने ती दोन बोटांत धरली आणि गंभीरपणे विचारलं, "मासे पकडायचे आहेत का?" मग भंगारातल्या सीटबेल्टच्या पट्ट्या आणून, मोच्याकडून शिवून दुसरी केली. ती पास झाली. पण सलीमभाईंनी माझी पहिली जाळी टाकू दिली नाही. गॅरेजच्या भिंतीला टांगून त्यात कांदे-बटाटे ठेवले.

त्या वर्षांचे वास मला आठवतात. तापलेले ब्रेक, मोकळ्या वाळूवरून येणारा कोरडा वारा, आणि त्यात मी डब्यातून काढलेली तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी. आजूबाजूच्या पिटमधले, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या गाळ्यांतले, लोक नाक वर करून बघायचे. तिसऱ्या वर्षापासून तेच लोक ताट घेऊन यायला लागले. आम्ही पहिली दोन वर्षं दर शर्यतीत शेवटून पहिले होतो. मग शेवटून तिसरे. एकदा आठवे आलो तेव्हा सलीमभाईंनी अख्ख्या सनाइयात खजूर वाटले, जणू घरात बारसं होतं.

आता त्या हिवाळ्याबद्दल.

त्या वर्षी दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. सलीमभाई साठीचे झाले होते. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आता आणखी एकदाच वाढणार आणि मार्चअखेरीस त्यांनी कायमचं घरी जायचं, हे ठरलं. जाऊबाई दाभोळला तीस वर्षं त्यांची वाट बघत होत्या. त्यात वाईट काही नव्हतं. सलीमभाईच म्हणाले, "आता तिच्या हातचा चहा गरम असताना पिऊ दे मला." फक्त त्यांना एक हंगाम पुरा करायचा होता. "सहाच्या सहा शर्यती," ते म्हणाले. "मग खलास."

आणि त्याच आठवड्यात इम्तियाज शर्यतीच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेला. दर वर्षीचीच गोष्ट. पण या वेळी डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ आत बघितलं. साखरेने डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. रस्त्यावर गाडी चालवायला हरकत नव्हती, कामावर जायला हरकत नव्हती. पण शर्यतीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. इम्तियाज घरी आला, जेवला, भांडी घासली. भांडी तो कधी घासत नाही. मग म्हणाला, "गाडी विकून टाकू."

पहिली शर्यत आमच्याशिवाय झाली. अबू नासर आपला पुतण्या चालवील म्हणाले. सलीमभाईंनी छातीवर हात ठेवून नम्रपणे नकार दिला. पुतण्याने स्वतःच्या दोन गाड्या वर्षभरात आपटल्या होत्या, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी आमच्या घरी जेवताना सांगितलं. "गाडी घरची हाय. चालवणारं माणूस घरचं पायजे."

"घरचं कोण उरलंय?" इम्तियाज म्हणाला. "तुम्ही चालवणार? गुडघे वाकतात का तुमचे?"

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढत होते.

मला गाडी चालवता येत होती. इथे बायकांना परवाना मिळायला लागला तेव्हा पहिल्याच वर्षी मी तो काढला, आणि तोही इम्तियाजच्याच आग्रहाने. सनाला शाळेत सोडणं, भाजी आणणं, एवढाच माझा प्रवास. "भाई, चेष्टा नको," मी म्हटलं.

"चेष्टा नाय. दहा वर्षं तू त्या ट्रॅकचा हिशेब लिहितेस. कुठल्या वळणावर तो ब्रेक लवकर मारतो, ते कुणी सांगितलं त्याला? तू सांगितलंस. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून."

सना तेव्हा दहावीत होती. इंडियन स्कूलमधली आमची मुलगी, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. मोबाइलमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "मम्मा, यू नो द ट्रॅक बेटर दॅन अब्बा."

इम्तियाज ताटावरून उठला. रागावून नाही, हात धुतले, टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि गॅलरीत गेला. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात बोलणं चालू होतं आणि नव्हतंही. मीठ दे, दार लाव, सनाची फी भरली का. बेचाळीस वर्षांच्या बाईने शर्यतीची गाडी चालवावी का, हा प्रश्न मला फारसा पडला नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. या माणसाचा एक डोळा अधू झाला, त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट गेली, आणि ती गोष्ट त्याच्या हातातून घेणारे हात माझे असावेत का? संसारात आपण एकमेकांचं बरंच काही घेतो. पण ते दोघांच्याही नकळत. असं भर दिवसा, सगळ्यांसमोर घेणं फार अवघड असतं.

तरी मी डॉक्टरांकडे गेले. दाखला मिळाला. क्लबने एक दिवस सरावाला दिला. सलीमभाईंनी मला गाडीत बसवलं, पट्टे आवळले. आतून ती गाडी कधीच गाडीसारखी वाटत नाही. पत्र्याचा डबा, त्यात नळ्या, आणि सगळं थरथरतं. पहिल्या फेरीत मी घाबरून इतकी हळू गेले की शेजारून एक माळी त्याच्या पाण्याच्या गाडीसह माझ्या पुढे निघून जाईल असं वाटलं. आणि खरी अडचण वेगळीच निघाली. पाय पोचत नव्हते. सीट पिंजऱ्याला वेल्ड केलेली, इम्तियाजच्या उंचीची. मी पाच फूट. ब्रेक पूर्ण दाबायला मला खाली घसरावं लागायचं, आणि घसरले की समोरचं दिसायचं नाही. पाठीमागे उशी घालून बघितली, ती वळणावर सरकायची. दुसरी शर्यत त्यातच गेली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा इम्तियाज दाराशी बूट घालत होता. म्हणाला, "तुझी चप्पल दे."

"कुठली?"

"जी घालून चालवतेस ती. सपाट तळाची."

मी दिली. कशाला, ते विचारलं नाही. दुपारी मी डबा घेऊन गॅरेजवर गेले. सलीमभाई बाहेर खुर्चीत बसले होते, आणि मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत इम्तियाज गाडीच्या दारातून अर्धा आत शिरलेला, पाठीवर आडवा. बाजूला माझी चप्पल, त्यावर खडूने टाचेची आणि बोटांची खूण. त्याने तिन्ही पेडलांना लोखंडी ठोकळे जोडले होते, दोन दोन बोटं पुढे येतील असे. वर खडबडीत पट्टी, पाय घसरू नये म्हणून. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारून तो बाहेर आला. एक डोळा बारीक करून बघायची सवय त्याला तेव्हाच लागली होती.

"बस," तो म्हणाला.

मी बसले. पाय टेकले. ब्रेक पूर्ण दाबला. समोरची काच पूर्ण दिसत होती.

"पोचतंय?"

"पोचतंय."

"मग तिसऱ्या वळणावर माझ्यासारखा लवकर मारू नको," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "दहा वर्षं ऐकतोय मी ते तुझ्याकडून."

मला रडू आलं नाही. मी त्याला डबा दिला. सलीमभाईंनी बाहेरून ओरडून विचारलं की सुकट आणलीय की नाही. लोकांच्या आयुष्यात मोठे क्षण कसे येतात ते मला माहीत नाही. आमच्या घरात ते बहुधा जेवणाच्या वेळेला येतात आणि भाकरीबरोबर संपतात.

क्लबचा एक नियम होता. हंगामातल्या निम्म्या शर्यती जो संघ पुऱ्या करत नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून जातं. बाहेर रांग मोठी. म्हणजे सहापैकी तीन. दोन तर आमच्या बुडाल्याच होत्या. तिसऱ्या शर्यतीत मी शेवटची आले, पण आले. चौथीत क्लच जळला. दोष माझा होता, मी पाय त्यावर ठेवूनच चालवत होते. त्या दिवशी परत येताना कुणी मला काही बोललं नाही आणि मी सगळ्यांवर चिडले. "काहीतरी बोला ना!" थुवालच्या पंपावर मी ओरडले. इम्तियाज शांतपणे म्हणाला, "पहिल्या वर्षी मी दोन जाळले होते. तुझ्या वहीत लिहिलेलं असेल बघ." घरी येऊन बघितलं. खरंच होतं. माझ्याच अक्षरात होतं.

पाचवीत अकरावी आले. राहिली सहावी. ती पुरी झाली तर संघ राहणार, नाही तर सलीमभाईंबरोबरच तोही मायदेशी जाणार होता.

तो मार्चमधला शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाली आणि गाड्या रांगेला लागल्या. चौदा गाड्या, बारा फेऱ्या. वर आकाश असं धुतलेलं की दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसत होते. सलीमभाईंनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. स्टॉपवॉच आणि वही या वेळी इम्तियाजच्या हातात.

तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. चौथीत एक निळी गाडी आतून घुसली आणि तिचा मागचा कोपरा माझ्या डाव्या चाकावर बसला. आवाज मोठा झाला, धक्का मात्र तेवढा नव्हता. मग स्टिअरिंग जड झालं आणि रबर जळल्याचा वास आला. चेपलेला पत्रा टायरला घासत होता. अजून एक फेरी मारली असती तर टायर फुटला असता. मी पिटमध्ये वळवली. थांबले. पट्टा काढायला बोटं गेली.

"उतरू नको!" सलीमभाई खिडकीच्या जाळीशी आले. "बस. हात स्टिअरिंगवर. तुझं काम ते. हे माझं काम."

मला ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. ते चाकापाशी गुडघ्यांवर बसले असावेत. ज्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता, त्यांच्यावर. लाकडी हातोड्याचा एक ठोका. मग पुटपुटणं. मग दोन ठोके, मग पत्रा ओढल्याचा लांब किंचाळणारा आवाज. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अपघातांवर हात फिरवले होते, अनोळखी लोकांच्या चुका सरळ करून दिल्या होत्या. त्या दुपारी ते पहिल्यांदा घरचं माणूस आत बसलेलं असताना पत्रा सरळ करत होते. इम्तियाज जाळीतून मला पाण्याची नळी देत होता आणि हळू आवाजात सांगत होता, "तिसऱ्या फेरीत तू माझ्यापेक्षा वेगात होतीस. माझ्या कुठल्याही फेरीपेक्षा. लिहून ठेवलंय."

मग छतावर दोन थापा आणि सलीमभाईंचा आवाज, "यल्ला, नीघ!"

मी बाहेर पडले तेव्हा सगळ्यांत मागे होते. पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. वळणावर सूर्य डाव्या डोळ्यात आला तेव्हा इम्तियाजच्या त्या डोळ्याची आठवण झाली. इंजिनाचा आवाज वर वर जाऊन एका जागी थांबायचा, आणि मला कळायचं, आता. ठोकळे लावलेलं पेडल पायाखाली घट्ट होतं. एक गाडी वाळूत गेलेली. एकीला मी मागे टाकलं, आणि ती कुणाची हेही मी बघितलं नाही. झेंडा हलला. बारावी आले होते, चौदांत. शर्यत पुरी झाली होती.

पिटमध्ये आले तर सलीमभाई खाली बसलेले, पाठ टायरांच्या ढिगाला टेकलेली. उठायला दोघांचा हात लागला. सदऱ्यावर ग्रीसचा मोठा डाग. मी म्हटलं, "भाई, सदरा गेला." ते म्हणाले, "जाऊ दे गो. जाऊबाईला तुझ्या तोच दाखवणार हाय, धुवून न्यायचा नाय." अबू नासर कुठून तरी आले, त्यांनी सलीमभाईंच्या कपाळाला कपाळ लावलं, आणि मग बराच वेळ ते दोघे म्हातारे एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले. दोघांची भाषा एकमेकांना अर्धीच कळायची. पंचवीस वर्षं त्यांनी अर्ध्यावरच भागवलं होतं.

सलीमभाई गेले तेव्हा त्यांच्या सामानाचं वजन जास्त झालं. त्यांनी कपडे काढून ठेवले आणि हातोड्या नेल्या. आता दाभोळला रस्त्याला लागून त्यांची शेड आहे. जीपा येतात, रिक्षा येतात, एकदा बैलगाडीची धाव सरळ करून दिली म्हणे. दर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो. मागून जाऊबाईंचं हसणं ऐकू येतं. बरेच दिवस मला वाटायचं की ते गेल्यावर पिटमध्ये एक रिकामी जागा राहील. राहिली. पण रिकामी जागा नेहमी दुखतेच असं नाही, हेही मला त्यानंतरच्या हिवाळ्यांनी शिकवलं. सना आता पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतेय. सुटीत आली की गाडीखाली शिरते, आणि तिथून चक्क मराठीत ओरडते, "पाना दे ना गो!" हा "गो" तिला कुणी शिकवला नाही.

इम्तियाजचा डोळा आहे तितकाच आहे, बिघडलेला नाही. साखर काबूत आहे. मधल्या काळात तो शर्यत बघायला शिकला, आणि त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं असं मी कबूल केलंय. आमचे सर्वांत चांगले दोन निकाल त्याच्या वहीतल्या सूचनांवर आलेले आहेत: एक सातवा, एक पाचवा.

काल या हंगामाची पहिली शर्यत होती. फाटकावर यंदा नवा माणूस होता, तरुण, घाईत. त्याने यादीत आमचा नंबर शोधला, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची नारिंगी कागदी पट्टी काढली आणि साहजिकच इम्तियाजचा हात पुढे ओढला. मी हेल्मेट काखेत धरून शेजारी उभी होते. मागे गाड्यांची रांग. मला त्या एका क्षणात पुन्हा ती जुनी भीती वाटली, की आता याला सांगावं लागेल, आणि सांगताना याच्या चेहऱ्यावर काय येईल.

इम्तियाजने पट्टी त्याच्या हातातून घेतली. माझं मनगट धरलं, बाही वर सारली, आणि पट्टी नीट गुंडाळून, घट्ट होत नाही ना ते बोट घालून बघून, चिकटवली.

"ड्रायव्हर ही," तो त्या माणसाला म्हणाला. "मी हिचा माणूस."